माहेरचे देणे

आमच्या माहेरच्या माणसांना देवीचे बोट लागलेले आहे, असे आजी सांगत असे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, नाकाच्या बाजूला, पापणीवर हळदीचा ओला ठिपका सुकून राहावा तसा एक पिवळट उंचवटा. आजोबांना तो होता, बाबांना होता, आत्याला आहे. केळापूरच्या जगदंबेने आमच्या कुणा पूर्वजाच्या डोळ्यांना हळदीचे बोट लावले आणि तेव्हापासून ती खूण घराण्यात उतरत आली, अशी ती कथा. लहानपणी मी आरशासमोर उभी राहून पापण्या ताणताणून पाहत असे. माझ्या डोळ्यांवर काहीच नव्हते. देवी आपल्याला विसरली म्हणून मी एकदा रडलेही होते.

देवी विसरली नव्हती. पण ते कळायला मला चव्वेचाळीस वर्षे लागली.

केळापूर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातला आमचा तालुका. गंमत अशी की तालुक्याचे नाव केळापूर, पण कचेरी, बाजार, शाळा, सगळा कारभार पांढरकवड्याला. केळापूर जवळच, जगदंबेच्या देवळाभोवती आपले शांत राहिलेले. नवरात्रात मात्र ते गजबजते. आमचे घर पांढरकवड्याचे, आणि लग्न होऊन मला वीस वर्षे होऊन गेली तरी नवरात्रातले दोन दिवस मी माहेरी जातेच. सासूबाई म्हणतात, "तुमची देवी तुम्हाला बरी आठवण करून देते!" त्यांचे काय चुकले? मी विदर्भातल्याच एका महाविद्यालयात मराठी शिकवते. घटस्थापनेच्या सुमारास माझे तासावरचे लक्ष उडते, हे आता विद्यार्थ्यांनाही ठाऊक झाले आहे.

तर सांगायची गोष्ट अशी. तीन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांसाठी आरोग्य तपासणीचे शिबिर झाले. रांगेत उभी राहून मीही रक्त दिले. अंगाने मी काडी. तेलातुपाचा सोस नाही, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. अहवालात आपल्याला शंभर गुण मिळणार, ह्याबद्दल मनात शंका नव्हती. कोलेस्टेरॉलच्या रकान्यात, ज्याला डॉक्टर 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात त्या एलडीएलसमोर, आकडा होता २४८. प्रयोगशाळेने त्याच्याभोवती तांबड्या शाईने गोल काढला होता. पुन्हा तपासले, पुन्हा तेच.

ज्या डॉक्टरांकडे गेले ते वयाने माझ्याहून लहान, पण चौकस. त्यांनी छातीला नळी लावण्याआधी माझी पावले पाहिली. टाचेच्या वरची जाड शीर चिमटीत धरून दाबली आणि विचारले, "चपलेचा पट्टा इथं काचतो का?" काचतो, वर्षानुवर्षे काचतो, मी चप्पलवाल्यांना दोष देत आले होते. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "वडील?"

"नाहीत."

"कितव्या वर्षी गेले? कशानं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी, १९८९ साली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. दुसऱ्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते आठवले की मला आजही लाज वाटते. मी म्हटले, "त्यांनी हाय खाल्ली."

डॉक्टरांनी लेखणी थांबवली. हाय खाण्याचा रकाना त्यांच्या कागदावर नव्हता.

मी भाषेची मास्तरीण. शब्दांच्या छटा सांगण्याचा मला पगार मिळतो. पण आमच्या घरातल्या चार मरणांना आम्ही चार वेगळे शब्द दिले आहेत आणि त्या शब्दांनी आमच्या डोळ्यांवर पडदा टाकला आहे, हे मला त्या खुर्चीवर बसेपर्यंत सुचले नव्हते. आजोबा १९६१ च्या मे महिन्यात शेतावरून आले आणि ओसरीवर कोसळले. वय सेहेचाळीस. आजीने सांगितले, ऊन लागले. बाबा गेले त्याच्या आदल्या महिन्यात घरात वाटणी झाली होती, म्हणून बाबांनी वाटणीची हाय खाल्ली. काका १९९४ साली गेले, एकेचाळिसाव्या वर्षी. रात्री काकूने भजी केली होती. जेवणानंतर छातीत जळजळू लागले, सोडा-लिंबू घेऊन ते निजले आणि पहाटे उठले नाहीत. त्याला आम्ही म्हटले, पित्त चढले. आणि माझा दादा, पुण्याला बँकेत होता, २०१८ साली त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. तोवर आम्ही सुधारलो होतो. आम्ही म्हटले, नोकरीचा ताण.

ऊन, हाय, पित्त, ताण. चारही वेळा दुखणे एकच होते.

शब्द चुकला तर बिघडले काय, असे कुणी म्हणेल. पुष्कळ बिघडले. मरणाला नुसते नाव देऊन माणसाचे भागत नाही, त्याला गुन्हेगार लागतो. बाबांनी वाटणीची हाय खाल्ली म्हटल्यावर वाटणी मागणारा काका गुन्हेगार झाला. बाबांच्या तेराव्याला आजी सगळ्यांदेखत त्याला म्हणाली, "खाल्लास भाऊ!" पाच वर्षे तो हे ओझे घेऊन जगला. आणि काका पित्ताने गेले म्हटल्यावर भजी तळणारी काकू गुन्हेगार झाली. तिला कुणी तोंडावर बोलले नाही. पण त्यानंतर आमच्या घरात कुठल्याही सणाला भजी झाली नाहीत, आणि ती का झाली नाहीत हे काकूला समजत होते. बोलण्यापेक्षा हे वाईट.

डॉक्टरांनी मला जे समजावले आणि नंतर मी जे वाचून काढले, ते माझ्या भाषेत सांगते. आपल्या रक्तात फिरणारे हे वाईट कोलेस्टेरॉल गोळा करून आत घेण्याचे काम मुख्यतः यकृत करते. त्यासाठी यकृताच्या पेशींवर बारीक आकडे असतात म्हणा ना. विहिरीत पडलेली कळशी काढायला गळ टाकतो, तसे. हे आकडे कसे घडवायचे, ह्याची एक कृती आपल्याला आईकडून मिळते, एक वडिलांकडून. त्यांतली एक जर चुकीची लिहिलेली असली, तर निम्मे आकडे निकामी. कोलेस्टेरॉल रक्तात साचते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना आतून लेप देत राहते. चाळिशीत नव्हे, जन्मल्या दिवसापासून. सुमारे अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला ही चूक वारशाने मिळते आणि त्यांतल्या बहुतेकांना ती ठाऊक नसते. उपचार झाला नाही तर अशा पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीच्या आत झटका येतो. बायकांना थोडा उशिरा, म्हणून बायकांना हे होत नाही असा सोयीचा समज.

नॉर्वेमधल्या कार्ल म्युलर नावाच्या वैद्याने १९३८ साली ह्या दुखण्याची नीट नोंद केली. त्याच्यापाशी आजची यंत्रे नव्हती. त्याने सतरा कुटुंबे पाहिली, पापणीवरचे आणि शिरांवरचे पिवळे उंचवटे पाहिले, रक्तातले कोलेस्टेरॉल पाहिले आणि विचारले, तुमच्याकडे कोण कोण, कितव्या वर्षी, कसे गेले? पुढे डॅलसच्या ब्राऊन आणि गोल्डस्टाइन ह्या जोडीने ते आकडे शोधून काढले. १९८५ सालचे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. क्वचित एखाद्या मुलाला दोन्ही बाजूंनी चुकीचीच कृती मिळते. अमेरिकेतल्या स्टॉर्मी जोन्स ह्या सहा वर्षांच्या मुलीचे तसे होते. १९८४ साली पिट्सबर्गला तिचे हृदय तर बदललेच, पण त्याबरोबर यकृतही बदलले, आणि हजारावर असलेले तिचे कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास उतरले. हृदयाच्या दुखण्याचे मूळ यकृतात! ती आणखी सहा वर्षे जगली. मी तिच्याविषयी वाचत होते तेव्हा माझा मुलगा शेजारी गणिते सोडवीत बसला होता. मी पुस्तक मिटून ठेवले.

आपल्याकडेही हे नवे नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी २००० साली भारतीय रुग्णांमधल्या अशा दोन चुका शोधून प्रसिद्ध केल्या. आणि केळापूरच्या बाजूने जो नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, त्याने तसेच दक्षिणेला गेले तर हैदराबादेत पेशी आणि रेणूंचा अभ्यास करणारी मोठी सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या डॉ. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की आपल्या देशातल्या शंभरांपैकी सुमारे चार माणसांत हृदयाच्या स्नायूसंबंधीच्या एका कृतीतली पंचवीस अक्षरे गळलेली असतात आणि त्यांतल्या काहींचे हृदय उतारवयात कमकुवत होते. ते दुखणे आमच्याहून वेगळे. पण लहानपणापासून ज्या रस्त्याने लग्नाची वऱ्हाडे गेलेली पाहिली, त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी आपल्या वंशाची अक्षरे मोजीत बसले आहे, ह्याचे मला नवल वाटले.

आता माझे काय? मला मोठा आधार होता, तो म्हणजे मी सासरी आले ह्याचा. हसू नका. खरेच मनात असा एक विचार येऊन गेला. कन्यादान झाले, गोत्र बदलले, आडनाव बदलले, ह्यांच्या घराण्यात तर सगळे ऐंशी-नव्वदीचे. पण भटजींनी माझे गोत्र बदलले तेव्हा माझ्या यकृताला कुणी काही सांगितले नव्हते. मुलगी परक्याचे धन, म्हणून वारशाच्या कागदावर तिचे नाव घालायला आपल्याकडे किती कुरकुर होते! हा एक वारसा मात्र मुलगा-मुलगी पाहत नाही. नाणे उडवल्यासारखा प्रत्येक अपत्याला निम्मा-निम्मा संभव. बाबांच्या तीन मुलांत दादावर ते नाणे उलटे पडले, माझ्यावर पडले. राहिला धाकटा भाऊ.

आणि माझ्यानंतर माझा मुलगा. त्याचे रक्त तपासायला मी दीड महिना लावला. परीक्षा होऊ दे, सर्दी जाऊ दे, अशी कारणे मी काढीत राहिले. शेवटी ह्यांनीच एका रविवारी त्याला नेले. त्याचा आकडा निघाला १९२. चौदा वर्षांचे पोर. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात हे असं कधी नव्हतं." मला ते लागले. पण संध्याकाळी पाहते तर त्या स्वयंपाकघरात तुपाचा डबा वरच्या फळीवर, स्वतःचा हात न पोचेल इतक्या वर, ठेवीत होत्या. मी त्यांना सांगितले की नुसत्या तुपाने हे झाले नाही आणि नुसते तूप सोडून जाणारही नाही. जपान्यांना धन्यवाद द्यायचे ते ह्याच्यासाठी. अकिरा एंडो ह्या माणसाने सहा हजारांवर बुरश्या तपासून १९७३ साली एका निळसर बुरशीतून कोलेस्टेरॉल उतरवणारे द्रव्य काढले. त्याच वाटेने पुढे स्टॅटिन नावाची औषधे आली. हा एंडो २०२४ साली नव्वदीत वारला. त्याच्या बुरशीच्या वंशातली एक गोळी मी रोज रात्री घेते. माझा आकडा आता शंभराच्या खाली आहे. मुलालाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी सुरू आहे. तो तिला 'आजोबांची गोळी' म्हणतो. आजोबांना ती मिळाली असती तर, हा विचार मी फार करीत नाही. बाबा गेले तेव्हा जगात ती येऊन दोनच वर्षे झाली होती.

मग पुढच्या नवरात्रात मी माहेरी गेले ती एक वही घेऊन. आमच्या घरी वंशावळ आहे. नऊ पिढ्यांची, लाल कापडात बांधलेली. तिच्यात कुणाचे कुलदैवत काय, कुणी कुणाला दत्तक गेले, सगळे आहे. कोण कितव्या वर्षी कशाने गेला, हे नाही. आणि मुलींची नावे तर नाहीतच. मी ओसरीवर बसून आत्याला विचारू लागले.

"कायले उकरून काढून राहिली वं पोरी हे?" आत्या म्हणाली. तिचे वय बहात्तर. पापण्यांवर देवीची बोटे ठसठशीत. दोन जिने चढली की धाप लागते, त्याला ती 'वय' म्हणते. तरी एकेक नाव निघू लागले. आजोबांची एक बहीण होती, बाळंतपणात गेली म्हणत; बाळ तेव्हा दोन वर्षांचे होते. म्हणजे बाळंतपण नव्हे. एक चुलत आजोबा रेल्वेच्या फलाटावर.

हे सगळे सांगून मी समजावत होते, तेव्हा काकू दारात येऊन उभी होती. आकडे, कोलेस्टेरॉल, यकृत, ह्यांतले तिला किती कळले कोण जाणे. माझे बोलणे संपले तशी ती हळूच म्हणाली, "म्हणजे माह्या हातच्या भज्यांनी नाही गेले ना ते?"

कुणाला काही बोलता येईना. आत्या उठली आणि तिचा हात धरून तिला आपल्याजवळ बसवले. तीस वर्षांनी.

वहिनीचे, म्हणजे दादाच्या बायकोचे, मात्र वेगळे होते. ती मला परसात गाठून म्हणाली, "वन्सं, पाया पडते. पोरीचं लग्न ठरेपर्यंत हे कुठं बोलू नका." दादाची मुलगी तेवीस वर्षांची, स्थळे येत होती. पत्रिकेत मंगळ आहे की नाही हे दहा जणांना दाखवायचे आणि रक्तात काय आहे हे झाकायचे, ही आपली रीत. तिच्यावर टीका करणे सोपे आहे. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एकट्या बाईने मुलीचे लग्न जुळवायचे म्हणजे काय, ते मी परगावच्या प्राध्यापिकेने तिला काय शिकवावे? मी एवढेच म्हटले, "मी बाहेर बोलणार नाही. पण तिला सांगू दे." बराच वेळ वहिनी तुळशीपाशी उभी राहिली. मग म्हणाली, "सांगा."

आता धाकटा भाऊ. ह्याचे पांढरकवड्याला बियाण्यांचे दुकान. कपाशीच्या बियाण्याचे पाकीट विकताना लॉट नंबर, तारीख, सगळे पाहून देतो. शेतकरी घरचे बियाणे साठवायचे म्हणाला तर संकराच्या बियाण्याचे दुसऱ्या पिढीत काय होते ह्यावर अर्धा तास बोलतो. स्वतःच्या बियाण्याची गोष्ट काढली की गिऱ्हाईक आले म्हणून उठतो. "ताई, मी बघ कसा आहे, वाळकुडा! मला काय होतंय?"

मी त्याला दोन डॉक्टरांची गोष्ट सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. युडकिन ह्यांचे शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात आले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी युडकिनांची शेकडा ९.१ आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत काय असते ते बाहेरून दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याच वर्षीच्या एका जगभरच्या पाहणीत दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी आलेला दिसला, इतरांना एकोणसाठाव्या. भावाने छायाचित्राची गंमत ऐकली, हसला आणि दुकानात गेला. पुढच्या नवरात्रातही तेच. तो तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता, काकाच्याच वयाचा. मी ते बोलले नाही.

यंदा अष्टमीला सकाळी सहा वाजता आत्याने त्याला उठवले.

"उपास हाय ना तुझा?"

"आहे."

"रातपासून काही खाल्लं नाही ना?"

"नाही."

"मंग चाल. आधी रक्त दे, मंग केळापूरला जाऊ."

रक्त उपाशीपोटी द्यायला सांगतात, एवढे तिने माझ्याकडून ऐकून ठेवले होते. बहात्तर वर्षांची म्हातारी पुढे बसलेली. तो काय बोलणार? दादाची मुलगी आपण होऊन मागच्या सीटवर येऊन बसली. रक्त दिले, मग देवळात गेलो. गर्दी बेसुमार. रांगेत आत्याने देवीकडे पाहून काय मागितले ते मी विचारले नाही. भावाला मात्र नेहमीसारखे हळदीचे बोट लावायला ती पुढे झाली आणि डोळ्यांपाशी नेलेला हात मागे घेऊन कपाळाला लावला.

संध्याकाळी दोन्ही अहवाल आले. पोरीचा आकडा ९६. वहिनीने कागद माझ्या हातातून घेतला, पुन्हा पुन्हा वाचला आणि देवघरात जाऊन दार लोटून घेतले. तो आकडा दोनशे निघाला असता तर आलेल्या स्थळाला काय सांगायचे, ह्याचे उत्तर माझ्यापाशी तेव्हाही नव्हते, आताही नाही.

भावाने आपला कागद काट्याची पावती वाचावी तसा उभ्याउभ्या वाचला. "दोनशे एकोणचाळीस," तो म्हणाला.

"लय भाव चढला का रे?" आत्याने विचारले.

तो काही बोलला नाही. कागदाची घडी करून त्याने खिशात घातली, बाहेर ओसरीवर जाऊन बसला. काकू आतून उपासाचा साबुदाणा घेऊन आली आणि ताटली त्याच्यापुढे ठेवून तिथेच बसली. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली.

"ताई, त्या गोळीचं नाव काय म्हणालीस?"